वाळूचा वाटा

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही. लाल वाळूच्या एका मोठ्या वाळवंटात वीस-पंचवीस झोपड्यांचं एक गाव होतं. नदी नाही, ओढा नाही, विहीर एकच आणि तीही खोल. पाऊस वर्षातून एकदा यायचा, तोही आला तर. एखाद्या वर्षी तो चक्क विसरायचा. अशा ठिकाणी माणसं राहायचीच कशाला, असं तुम्ही म्हणाल. माणसं राहायची ती रेतवालामुळे.

रेतवाल म्हणजे त्या वाळवंटातली रानवेल. आपल्या परसातल्या वालाची लांबची बहीणच म्हणा, पण स्वभावानं अगदी वेगळी. परसातल्या वालाला मांडव लागतो, पाणी लागतं, वर कौतुकही लागतं. हिला यातलं काही नको. ती आपली वाळूवर ऐसपैस पसरायची, पिवळी फुलं धरायची आणि मूळ इतकं खोल सोडायची की खणणारा दमून जायचा. त्या मुळाला घागरीएवढा कंद. त्यात पाणी साठवून ती दोन-दोन वर्षं उन्हात तगायची. तिच्या पानांखाली सरडे दुपार काढायचे, फुलांवर मधमाश्या यायच्या, पाला शेळ्या खायच्या आणि शेंगा माणसं. शेंगेतला दाणा बोराच्या आठोळीएवढा, तपकिरी आणि टणक. भाजला की अख्ख्या गावात वास सुटायचा. त्याची उसळ व्हायची, पीठ व्हायचं, पोरं तर नुसतेच भाजलेले दाणे ओच्यात घेऊन हिंडायची.

रेतवाल कुणी शेतातल्या पिकासारखा पेरत नसे. पण गावात एक रीत होती. शेंगा खुडून, सोलून झाल्या की दाण्यांतले पाच सुपं दाणे वाळूला परत द्यायचे. त्याला म्हणायचे वाळूचा वाटा. हे काम एकाच घरातल्या बाईकडे असायचं आणि तिला सगळे सुपवाली म्हणायचे. सासू म्हातारी झाली की सुनेच्या हातात सूप द्यायची आणि सांगायची, "जात्याच्या मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळ, म्हणजे वरची तळी, वरचा दगड गं, जरा उचललेली राहील. वाट्याचे दाणे टाक आणि एक फेरा दे. एकच हं! मग ते सुपात घे आणि टेकडीवर जाऊन वाळूत पुरून ये."

हे असं का, ते मात्र कुणी सांगायचं नाही. सगळं उलगडून सांगायची सवय सासवांना असते कुठे!

आपल्या गोष्टीतल्या सुपवालीला हे सूप मिळालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत सासू गेली. त्याच्या आधीच नवरा गेला होता. चुकलेल्या शेळ्या शोधायला म्हणून टेकड्यांपलीकडे गेला, वाळूचं वादळ उठलं आणि तो परत आलाच नाही. मागे राहिली सुपवाली आणि तिची सहा वर्षांची लेक, मैना.

मग काय, सुपवालीनं लेकीला असं जपलं की बघत राहावं. मैनेला शेळीच्या केसांचे मऊ जोडे. मैनेच्या हातांना रोज तेल. ऊन चढलं की मैना घरात. वारा सुटला की मैना घरात. गावातल्या बाकीच्या पोरी शेंगा वेचायला टेकडीपलीकडे जायच्या, आरडाओरडा करत परत यायच्या, आणि ही आपली टेकडीला लागूनच असलेल्या घराच्या दारात बसून बघत राहायची. बारा वर्षांची झाली तरी टेकडीच्या पलीकडे काय आहे ते तिनं पाहिलं नव्हतं.

सुपवालीची धाकटी नणंद ठकू जवळच राहायची. जिभेला हाड नाही, पण मनानं सोन्यासारखी. ती म्हणायची, "वहिनी, असं करा, पोरीला बरणीत घाला आणि वरून फडक्याचा दादरा बांधा. लोणच्यासारखी टिकेल वर्षभर!"

"वन्सं, तुमचं आपलं काहीतरीच," सुपवाली म्हणायची. "एकच आहे मला. तिला काही झालं तर मी काय करू?"

यावर ठकू विषय बदलायची. भाऊ तिचाही गेला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सुपवालीनं पहिल्या वर्षी वाटा काढायला घेतला. जात्याला चिंधी गुंडाळली, फेरा दिला आणि खाली पडलेले दाणे हातात घेऊन बघितले. सगळे खरचटलेले! कुणाचा टवका उडालेला, कुणाच्या पाठीवर ओरखडा. तिला कसंसंच झालं. तुम्ही-आम्ही अक्षता निवडताना तुटका तांदूळ बाजूला काढतो की नाही? तसंच तिचं झालं. जी वाळू आपल्याला वर्षानुवर्षं पोसते, तिला हे असं द्यायचं? तिनं ते खरचटलेले दाणे उसळीला ठेवले. मग बसून निवडून निवडून गोल, अख्खे, गुळगुळीत दाणे काढले, एकेक पदरानं पुसला आणि पाच सुपं भरून वाळूला दिले.

गाव खूश झालं. जुनी माणसंसुद्धा म्हणाली, "वा गं सूनबाई! असा देखणा वाटा आजवर कुणी दिला नव्हता."

ठकूनं तेवढं विचारलं, "वहिनी, जात्याचा फेरा नाही दिला?"

"माझ्यानं नाही बाई बघवत," सुपवाली म्हणाली. "आईला कुणी टवके उडालेलं वाढतं का?"



पहिल्या वर्षी काही फरक पडला नाही. दुसऱ्याही वर्षी नाही. जुन्या वेली होत्या, त्या शेंगा देत राहिल्या. तिसऱ्या वर्षी मात्र बायका परत आल्या त्या पिशव्या अर्ध्याच भरून. चौथ्या वर्षी त्याहून कमी. जुन्या वेली म्हाताऱ्या होऊन वाळत होत्या, त्यांचे कंद आतून पोकळ लागत होते, आणि नवी वेल म्हणून औषधालासुद्धा सापडत नव्हती.

वाळू रागावली, असं लोक म्हणायला लागले. ते सुपवालीच्या कानावर आलं. तिनं काय करावं? पाचाऐवजी दहा सुपं वाटा दिला! सहाव्या वर्षी तर घरोघरी भाजायला म्हणून ठेवलेले दाणेही तिनं मागून आणले, एकेक करून पुसले आणि टेकडीवर पुरले. गावात मूठभरसुद्धा शिल्लक ठेवले नाहीत. वेडी माया म्हणतात ती हीच.

शेवटी जुनी माणसं बसली आणि ठरलं. या वर्षी पाऊस आला आणि तरीही टेकडीवर काही उगवलं नाही, तर गाव सोडायचं. दूर नदीकाठी जायचं, ज्याला जिथे काम मिळेल तिथे त्यानं राहायचं. म्हणजे एकत्र असं कुणी राहणारच नव्हतं. सुपवालीला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं.

आणि पाऊस आला. चांगला दणदणीत आला, एक अख्खा दिवस. पाऊस थांबल्याबरोबर धडधाकट माणसं, बाया, पोरं सगळी शेळ्या घेऊन लांबच्या सखल रानात गेली, कारण तिथलं गवत आठवडाभरच टिकायचं. गावात राहिले म्हातारे-म्हाताऱ्या, दोन बाळंतिणी, सुपवाली, मैना आणि पाय मुरगळलेली ठकू.

वाळूतली ओल चार दिवस टिकते, पाचव्या दिवशी संपते. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुपवाली रोज सकाळ-संध्याकाळ टेकडीवर जायची आणि वाकून वाकून बघायची. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. टेकडी लालच्या लाल. कोंब म्हणून नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ठकूची हाक आली. ती लंगडत लंगडत टेकडीच्या पायथ्याशी गेली होती.

"वहिनी! अहो वहिनी, पळत या! हे बघा काय!"

सुपवाली धावली. टेकडीच्या कडेनं शेळ्यांची पायवाट जायची. तिथे वाळू पातळ होती आणि खाली खडक होता. त्या वाटेवर, अगदी खुरांच्या खुणांमधे, पाच हिरवे कोंब वर आले होते.

"इथे तर मी वाटा टाकलाच नव्हता," सुपवाली म्हणाली. "सुपातून सांडले असतील थोडे दाणे."

तिनं एक कोंब हलकेच उकरला. खाली दाण्याचं साल होतं, आणि ते ओरबाडलेलं होतं. शेळ्यांच्या खुरांखाली खडकावर घासून घासून त्याची सगळी चमक गेली होती. सुपवाली तशीच टेकडीवर चढली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागली. ओल्या वाळूत तिचे दाणे होते. गोल, गुळगुळीत, तिनं पुसून ठेवले होते तसेच. तिनं एक दगडावर ठेवून फोडला. आत कोरडा ठणठणीत. चार दिवस ओलीत पडून राहिला होता, पण पाण्याचा थेंब आत गेला नव्हता.

मागून लंगडत आलेल्या ठकूपुढे सुपवालीनं तो फुटका दाणा धरला.

"वन्सं, माझंच चुकलं हो. सासूबाई जातं फिरवायच्या ते यासाठी. साल खरचटल्याशिवाय पाणी आत जात नाही. वाळू रागावली नव्हती. मीच सहा वर्षं या सगळ्यांची दारं लावून ठेवली."

एरवी ठकूनं चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिनं वहिनीच्या पाठीवर हात ठेवला.

"रडायला पुढे जन्म पडलाय, वहिनी. ओल आजची आहे. उठा."

घरात दाणे नव्हते. जे होते ते सगळे टेकडीत. म्हणजे एकच उपाय होता. एकेक दाणा उकरायचा, खरखरीत दगडावर घासायचा आणि होता तिथे परत दाबायचा, तेही दिवस मावळायच्या आत. ठकूनं गावभर हाका मारल्या. म्हातारेकोतारे काठ्या टेकत आले, बाळंतिणी पोरांना झोळीत घालून आल्या. सगळे वाळूत बसले आणि घासायला लागले.

पण किती जण ते? आणि दाणे सहा वर्षांचे! डोक्यावर ऊन आलं तेव्हा पाव हिस्सासुद्धा काम झालेलं नव्हतं. त्यातही मोठी अडचण ही की दाणे नेमके कुठे आहेत ते सापडेना. वाऱ्यानं टेकडीचा आकारच बदलला होता. दहा ठिकाणी उकरावं तेव्हा एका ठिकाणी दाणे लागायचे.

"आई, मी येऊ?"

मैना दारात उभी होती.

"नको गं राणी," सुपवालीनं मान वर न करताच सांगितलं. "ऊन बघ किती आहे! हात सोलून निघतील तुझे."

"त्या आजोबांचे हात थरथरतायत, तरी ते करतायत. मग मी का नको?"

सुपवालीनं ठकूकडे बघितलं. तिला वाटलं, आता नणंद काहीतरी टोचून बोलणार. पण ठकू खाली मान घालून दाणा घासत होती. हे उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं असतं, एवढं तिला कळत होतं.

सुपवालीच्या हातात नुकताच उकरलेला एक दाणा होता. कदाचित सहा वर्षांपूर्वीचा, पहिल्या सुपातलाही असेल. त्याला कीड लागली नव्हती, ऊन लागलं नव्हतं, ओरखडा लागला नव्हता. काही म्हणजे काहीच झालं नव्हतं त्याला. तिनं तो बराच वेळ बघितला. मग दारातल्या लेकीकडे बघितलं.  नको, नको, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. नवऱ्याला त्या दिवशी जाताना बघितलं होतं तेव्हा ओरडलं होतं तसंच.

"ये," ती म्हणाली. "येताना एक दगड आण. चांगला खरखरीत बघून आण."

मैना निघाली. चार पावलांवर मऊ जोडे वाळूत रुतले, तशी तिनं ते काढून भिरकावले. "आई गं, चटका!" म्हणून ओरडली आणि लगेच हसायला लागली. सुपवाली उठली नाही, दाणा घासत राहिली.

टेकडीवर येऊन मैनेनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, इथे काय खणतेस? इथे फारसे नाहीत. पहिल्या वर्षी तू त्या वाकड्या झुडपाच्या डावीकडे पुरलेस. तिसऱ्या वर्षी वर, त्या दोन दगडांच्या मधे. आणि दहा सुपं दिलीस ना, तेव्हा तिकडे उतारावर, तीन ओळींत."

"तुला गं कसं ठाऊक?" ठकूनं विचारलं.

"दारातून दुसरं काय दिसतं, आत्या? मी तेच बघत बसायची."

सुपवालीच्या डोळ्यांत पाणी आलं.  ती नुसती म्हणाली, "दाखव बरं."

मैना दाखवत गेली आणि तिथे तिथे दाणेच दाणे निघाले. म्हाताऱ्या माणसांना हुरूप आला. एक आजोबा म्हणाले, "ही पोर सकाळीच का नाही आणलीत? माझी कंबर तरी वाचली असती!" मैना स्वतःही घासायला बसली. आधी दाणा निसटायचा, कधी बोटच दगडावर घासलं जायचं. मग जमलं. दुपार कलली तेव्हा तिच्या बोटांची टोकं फुटली होती आणि दगडावर लाल ठिपके पडत होते. सुपवालीनं ते पाहिलं. तिनं पदराची चिंधी टर्रकन फाडली.

"आई, नंतर बांध ना," मैना म्हणाली. "ओल जाईल."

सुपवाली चिंधी हातात धरून तशीच उभी राहिली. सहा वर्षांत तिनं पुष्कळ कष्ट केले होते, पण त्या वेळी स्वतःचा हात मागे घ्यायला तिला जेवढं जड गेलं तेवढं कशालाच गेलं नव्हतं. तिनं चिंधी कमरेला खोचली आणि लेकीच्या शेजारी बसून पुढचा दाणा उचलला.

सूर्य बुडाला तेव्हा सगळे दाणे झाले होते, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण नव्हते झाले. तिसरा हिस्सा राहिलाच. ठकू म्हणाली, "राहू द्या. वाळूच घासेल त्यांना हळूहळू. कधीतरी उगवतील आपल्या मनानं."

पुढचे तीन दिवस सुपवालीनं टेकडीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिला धीर होईना. चौथ्या दिवशी रानातून लोक परत आले आणि गावाच्या वेशीवरच थबकले. झुडपापाशी, दोन दगडांच्या मधे, उतारावर तीन ओळींत, टेकडी हिरवी झाली होती. कुणीतरी आनंदानं ओरडलं, मग सगळेच ओरडायला लागले. पोरं शेळ्यांना टेकडीपासून हाकलायला धावली.

सुपवालीनं सगळ्यांसमोर हात जोडले. "वाटा मी चुकीचा देत होते. तुमच्यावर गाव सोडायची वेळ मी आणली होती."

ते कंबरवाले आजोबा म्हणाले, "अगं, वाहवा तर आम्हीच केली होती! त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं?" सगळे हसले आणि तो विषय तिथेच मिटला. गाव जागचं हललं नाही.

नव्या वेली मोठ्या झाल्या, त्यांना शेंगा लागायला आणखी दोन पावसाळे गेले. तोवर लांबच्या टेकड्यांवर ज्या जुन्या वेली उरल्या होत्या, त्यांच्या शेंगा आणायला बायका आठ-आठ दिवस जायच्या. पुढच्या खेपेला मैना म्हणाली, "मी पण जाणार."

सुपवालीनं तिची पिशवी भरली, परत रिकामी केली, परत भरली. पाण्याची कातडी पिशवी तीनदा तपासली. "वन्सं, लक्ष ठेवाल ना?" असं ठकूला इतक्यांदा विचारलं की ठकूनं कान झाकून घेतले. बायका निघाल्या. मैना वळून वळून हात हलवत टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली. सुपवाली घरात आली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि जात्याशी जाऊन बसली. वादळाचे दिवस नव्हते, तरी पुढचे आठ दिवस ती आभाळाकडे बघत होती.

नवव्या दिवशी बायका परत आल्या. सगळ्यांत मोठ्यानं कोण बोलत होतं ते सुपवालीला आधी ओळखूच आलं नाही. उन्हानं रापलेली, केस विस्कटलेली, पिशवी खांद्यावर घेतलेली मैना! तिची बडबड थांबेना. टेकडीपलीकडे आणखी टेकड्या आहेत, आई. एका वेलीखाली सशाचं बीळ आहे. वाळूखाली कंद कुठे असतो ते मला आवाजावरून कळतं, नुसती टाच आपटायची.

सुपवालीनं तिला खाली बसवलं आणि तिचे पाय मांडीवर घेतले. टाचा फुटल्या होत्या. गुडघा चांगलाच खरचटला होता. तिनं तेल लावायला घेतलं आणि हळूच विचारलं, "दुखतं का गं?"

"दुखतं," मैना म्हणाली. "पण पुढच्या खेपेला सगळ्यांच्या पुढे मी चालणार आहे. आत्या म्हणाली, वाट आता तुला ठाऊक झाली."

सुपवालीनं लेकीचा पाय उचलून कपाळाला लावला आणि हसत हसत रडली. पुढे मैना खूप मोठी होईपर्यंत वाळूचा वाटा त्या दोघी मिळून काढायच्या. खुंटीला चिंधी सुपवाली गुंडाळायची आणि जात्याचा फेरा मैना द्यायची.

तात्पर्य ऐकल्याशिवाय तुम्ही काही उठणार नाही, म्हणून सांगतो: ज्याच्यावर जीव आहे त्याला जपावं, ही अर्धी माया, आणि त्याला वाढता यावं म्हणून थोडं खरचटू द्यावं, ही उरलेली अर्धी.